बुरशी बघायची कशी? सुरुवात घोड्याच्या लिदीपासून

पाऊस स्थिरावला की माझ्या व्हॉट्सॲपवर भूछत्रांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या कुंडीत उगवलेलं, कुणाच्या गोठ्यामागे, कुणाला कोंढाणे लेण्यांच्या वाटेवर दिसलेलं. फोटो हमखास वरून काढलेला आणि खाली प्रश्न ठरलेला, "ताई, कुठलं आहे? खातात का?" मी कर्जतला एका ज्युनियर कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडेच येणार. माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो, "उगवलं कशावर होतं?" इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण तिकडे कुणी बघितलेलंच नसतं.

बघायला शिकायचं ते इथूनच. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती पाचकरस अंगाबाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. म्हणजे ती जिथे उगवली, तेच तिचं जेवण. भूछत्र हे फक्त फळ, आंब्याच्या झाडाला लागलेल्या आंब्यासारखं. खरं झाड म्हणजे कवकतंतूंचं, म्हणजे बुरशीच्या बारीक धाग्यांचं जाळं. ते लाकडात, मातीत, पानांच्या थरात पसरलेलं असतं आणि वर्षभर काम करत असतं. झाड म्हटलं खरं, पण वनस्पतीशी तिचं नातं लांबचं. पेशीभित्तिका कायटिनची, म्हणजे झुरळाच्या कवचात असतं त्याच पदार्थाची. साठवणीचं अन्न ग्लायकोजेन, आपल्या यकृतात असतं तेच. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकरनं सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली तेव्हा कवकांना, म्हणजे बुरशींना, स्वतंत्र घर मिळालं. वंशावळीत ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत.

तेव्हा नाव नंतर. आधी विचारायचं, ही काय खातेय? मेलेलं खातेय, जिवंत खातेय, की कुणाशी देवाणघेवाण करून खातेय? उत्तर मिळालं की त्या बुरशीचं निसर्गातलं काम कळलं.

सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळतं, महाग नसतं. छोटी टॉर्च दिवसाही लागते, कारण पावसाळी जंगलात दुपारीसुद्धा अंधारून येतं. पावडरच्या डबीतला गोल आरसा घ्या. भूछत्राच्या खाली तो सरकवला की न उपटता खालची बाजू दिसते. ही युक्ती मी सगळ्यांना सांगते, कारण लोकांना आधी उपटायचं असतं आणि मग बघायचं असतं. नमुना घ्यायचाच असेल तर कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून घरी पोचेपर्यंत त्याचं पिठलं झालेलं असतं. शाईच्या पेनापेक्षा पेन्सिल बरी, ओल्या कागदावर पसरत नाही.

लिदीची बरणी

आता मुख्य प्रयोग. यासाठी जंगलात जायची गरज नाही. आमच्याकडे नेरळ-माथेरान जवळ, त्यामुळे घोड्यांना तोटा नाही. माथेरानला मोटारी नाहीत, लीद मुबलक. तुमच्याकडे घोडे नसतील तर शेळीच्या लेंड्या चालतात. गाईचं शेणही चालतं, पण ते पातळ असतं आणि बरणीत लवकर आंबतं. लीद सुटी, तंतुमय असते, हवा खेळती राहते, आणि खरं सांगायचं तर तिला वास फार येत नाही.

ताजी घ्या, त्याच दिवशीची, पावसानं न धुतलेली. चरणाऱ्या जनावराची मिळाली तर उत्तम. निव्वळ चणे-भुश्यावर असलेल्या घोड्याच्या लिदीत फार काही उगवत नाही. का, ते पुढे येईल.

काचेची रुंद तोंडाची बरणी धुऊन घ्या. तळाला टीपकागद किंवा पेपर नॅपकिनच्या तीन-चार घड्या घालून उकळून गार केलेल्या पाण्यानं ओल्या करा. ओल्या म्हणजे ओल्या, पाणी साचता कामा नये. त्यावर लिदीचे तीन-चार गोळे एकमेकांना न खेटता ठेवा. झाकण सैल लावा. बरणी खिडकीजवळ ठेवा, पण थेट उन्हात नको, आणि स्वयंपाकघरात तर नकोच. हात हातमोज्यांत. ज्यांना दमा आहे, ज्यांची साखर ताब्यात नाही किंवा जे स्टिरॉइड घेतात त्यांनी बरणी उघडू नये, काचेतूनच बघावं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसनं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. तो आजार करणाऱ्या बुरशीचे भाऊबंद या बरणीत येतात. निरोगी माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही, तरी बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांचा, ढग नाकात घ्यायचं कारण नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी-करडी लव येईल. ही म्युकर आणि मंडळी. पटकन विरघळणारी साखर, स्टार्च यांच्यावर पहिला डल्ला यांचा. लव बघून पुष्कळजण बरणी फेकून देतात. फेकू नका, खरा खेळ अजून सुरूच झालेला नाही.

साधारण चौथ्या दिवसापासून सकाळी लवकर उठून भिंग लावा. लिदीवर काचेचे वाटावेत असे पारदर्शक देठ उभे असतील, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे. प्रत्येकाच्या टोकाला फुगीर पारदर्शक फुगा आणि फुग्याच्या डोक्यावर काळी टोपी. देठावर पाण्याचे बारीक थेंब. हा पायलोबोलस. काळ्या टोपीत बीजाणू असतात. खालच्या फुग्यात पाण्याचा दाब वाढत जातो आणि दिवस वर आला की फुगा फुटून टोपी फेकली जाते, दोन मीटरपर्यंत. स्वतः सेंटिमीटरभर उंचीची गोष्ट दोन मीटर मारा करते. बरणीत ती अर्थातच काचेवर आपटते. शांत खोलीत कान दिलात तर बारीक टक्-टक् ऐकूही येतं.

ती नेम धरते उजेडाकडे. हे तपासायचं असेल तर बरणीला सगळीकडून काळा कागद गुंडाळा आणि एका बाजूला बोटाच्या पेराएवढं भोक ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद सोडा. भोकाच्या जागी आतल्या काचेवर काळ्या ठिपक्यांची गर्दी आणि बाकी काच जवळजवळ कोरी. तो फुगा भिंगाचं काम करतो, उजेड आत एका जागी गोळा करतो आणि देठ त्यानुसार वळतो. अकरावीच्या पोरांना मी हे दाखवते तेव्हा मागच्या बाकावरचेसुद्धा उठून पुढे येतात. जर्नलमधली रायझोपसची (पावावरच्या बुरशीची) आकृती मात्र सगळे एकमेकांची बघूनच काढतात, तो भाग वेगळा.

एवढा आटापिटा कशासाठी? गाई-घोडे आपल्याच शेणालगतचं गवत खायचं टाळतात. चरलेल्या माळावर बघा, शेणाभोवतीचं गवत उंच राहिलेलं असतं. बीजाणू तिथेच पडले तर कुणाच्या पोटात जाणार नाहीत. म्हणून ते लांबच्या गवतावर जाऊन पडायला हवेत. टोपी चिकट असते, पात्याला घट्ट बसते. जनावर ते गवत खातं, बीजाणू पोटातून न पचता पार होतात आणि शेणासोबत बाहेर पडून रुजतात. म्हणजे तुमच्या बरणीतली बुरशी हवेतून आलेली नाही, ती त्या घोड्यानं काही वेळापूर्वी गवताबरोबर गिळलेली होती. चणे-भुसा खाणाऱ्याकडे ती नसते याचं कारण हेच. गुरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीची पिल्लं या देठांवर चढून टोपीबरोबर फुकट प्रवास करतात. पायलोबोलसला त्यातून काही मिळत नाही.

आठवडा उलटला की देठ कमी होतात आणि लिदीवर पिवळसर बारीक बशा दिसायला लागतात, टाचणीच्या डोक्याएवढ्या. हे ॲस्कोबोलस वगैरे. बीजाणू पिकले की बशीवर गडद ठिपके उठतात. दोन-तीन आठवड्यांनी नाजूक करड्या छत्र्या येतात, रात्रीतून उभ्या राहतात आणि दुपारपर्यंत स्वतःला विरघळवून काळी शाई होऊन गळतात. ही कोप्रिनॉप्सिस. छत्री कडेपासून विरघळत जाते, म्हणजे पिकलेले बीजाणू आधी मोकळे होतात.

हा क्रम का? जुन्या पुस्तकांत सरळ उत्तर असायचं, आधी साखर खाणारे, मग सेल्युलोज (वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतला पदार्थ) खाणारे, शेवटी लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) खाणारे. ते काही अंशी बरोबर आहे. पण सगळ्यांचे बीजाणू पहिल्या दिवसापासून लिदीत असतात. कुणाला फळ धरायला चार दिवस लागतात, कुणाला वीस. शिवाय शाईवाल्या छत्रीचे तंतू दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना नुसते टेकले तरी ते मरतात. म्हणजे पंगत संपते म्हणून पहिले उठतात असं नाही, काहींना उठवलं जातं.

महिन्याभरानं बरणीत काळसर भुसभुशीत चुरा उरतो. तो पेरूच्या आळ्यात टाका आणि बरणी उकळत्या पाण्यानं धुवा. डोंगराएवढी लीद, पालापाचोळा, मेलेली लाकडं जमिनीवर साठून राहत नाहीत ती या मंडळींमुळे, आणि त्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस मुळांना पुन्हा मिळतं तेही यांच्यामुळेच.

बीजाणूंचा ठसा

हे कुणालाही जमतं. बाजारातून धिंगरी (ऑयस्टर मशरूम) आणा किंवा बटन मशरूम. बटन घेताना खालचा पडदा फाटून तपकिरी पात्या (छत्रीखालचे पातळ पापुद्रे) दिसायला लागल्यात असे निवडा, घट्ट मिटलेले काही देत नाहीत. देठ छत्रीलगत कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या, कारण बीजाणू फिके निघतील की गडद हे आधी सांगता येत नाही. पात्या खाली करून छत्री कागदावर ठेवा, वरून पाण्याचा एक थेंब सोडा, वाडगं पालथं घाला, रात्रभर हलवू नका. सकाळी अलगद उचला. बटनचा ठसा चॉकलेटी येतो, धिंगरीचा पांढरा, कधी किंचित जांभळट.

पिकलेली धिंगरी असेल तर आणखी एक करा. अंधाऱ्या खोलीत छत्री दोन वाट्यांवर टेकवून अधांतरी ठेवा, पंखा बंद करा आणि बाजूनं टॉर्च मारा. पात्यांखालून धूर उतरताना दिसेल. तो धूर म्हणजे बीजाणू. ज्यांच्याकडे धिंगरीचं शेड आहे त्यांनी मास्क लावावा आणि कडा वर वळायच्या आत काढणी करावी, ती याचसाठी.

ठशाचा रंग ओळखीला फार उपयोगी. लॉनवर, मैदानात पावसाळ्यात मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली देखणी छत्री येते, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. कोवळेपणी पात्या पांढऱ्या असतात आणि खायच्या जातीसारखी दिसते. ठसा मात्र हिरवट येतो. ती खाल्ली की उलट्या-जुलाब ठरलेले.

लाकूड बोटांनी तपासा

पडलेलं लाकूड दिसलं की नखानं खरवडा. फिकट, ओलसर, दोऱ्या-दोऱ्या सुटत असतील तर पांढरी कूज. ती बुरशी लिग्निनही फोडते. तपकिरी, कोरडं, चौकोनी तुकडे पडून चिमटीत पीठ होत असेल तर तपकिरी कूज. तिनं सेल्युलोज खाल्लं आणि लिग्निन मागे ठेवलं. आपल्या जंगलात पहिली जास्त भेटते. लिग्निन पूर्णपणे फोडणं हे जवळजवळ बुरशीचंच काम, दुसऱ्या कुणाला ते नीट साधत नाही.

शहरात असाल तर रस्त्याकडेच्या गुलमोहराच्या बुंध्याशी बघा. लाखेसारखी चकाकी, लालसर तपकिरी, हाताला लाकडासारखी कडक फळी आली असेल तर गॅनोडर्मा. आसपास कोकोची भुकटी पडल्यागत तपकिरी बीजाणू दिसतात. हिनं जिवंत झाडाचा बुंधा आतून खायला घेतलेला असतो, तेव्हा जोराच्या पावसात त्याखाली गाडी लावू नका आणि सोसायटीला, नगरपालिकेला कळवा.

पानांवरच्या

शेतकऱ्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून थोडक्यात. भुरी हा रोग पानाच्या वरच्या बाजूला, पिठासारखा. भिंगातून बीजाणूंच्या उभ्या माळा दिसतात. केवडा हा रोग पानाच्या खालच्या बाजूला. गंमत म्हणजे केवडा करणारा जीव खरी बुरशी नाहीच, त्याच्या भिंतीत सेल्युलोज असतं आणि तो शैवालांच्या गोतावळ्यातला आहे. बुरशीवरची काही औषधं त्याच्यावर चालत नाहीत ती म्हणूनच.

आमच्याकडे भात, म्हणून करपा. डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मध्ये राखाडी, कड तपकिरी. असं पान ओल्या कागदात घालून झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. लिदीच्या बरणीचंच तंत्र. सकाळी ठिपक्याच्या मध्यावर भिंगातून करडी मखमल दिसली तर ते बीजाणू.

वारुळाची अळंबी

विदर्भात सात्या, गोव्यात ओळमी. पहिल्या जोरदार पावसानंतर वारुळाच्या आसपास उगवते, टोकाला टोचावं असा उंचवटा असलेली छत्री. ही टर्मिटोमायसिस, आणि ती शेतातलं पीक आहे, शेतकरी वाळवी. वाळवी लाकूड-पाला चावून आणते, पण तिला ते नीट पचत नाही. ती त्याचा करडा, हलका, भोकाभोकांचा गोळा रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशीनं मऊ केलेलं वाळवी खाते. हा करार सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत झाला, आपल्याकडच्या वाळव्या तो पाळताहेत.

ही बघायची तर देठाशेजारची माती बोटांनी हळूच बाजूला करा. देठ संपत नाही, मुळासारखा खाली खाली जातो, कधी हातभर, थेट त्या गोळ्यापर्यंत. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ही अळंबी काढतात ते देठ जमिनीलगत तोडतात. कुदळीनं वारूळ फोडणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथे काही मिळत नाही. अभयारण्यात तर काहीच उचलू नका, कायद्यानं बंदी आहे.

अंधारात चकाकणाऱ्या बुरशीबद्दल हल्ली फार विचारतात. भीमाशंकरला ती आहे, पण फोटोत दिसते तेवढी हिरवीगार नजरेला दिसत नाही. कॅमेरा बराच वेळ उजेड साठवतो. वनखात्याची परवानगी, सगळ्या टॉर्च बंद आणि डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय, एवढं केलं तर फिकट उजेड दिसतो. झुंबड करून पालापाचोळा तुडवायला जायचं असेल तर घरीच बसलेलं बरं.

खायचं का?

फोटोवरून मी कधीच "खा" म्हणत नाही, आणि म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळा होतो, किड्यानं खाल्लंय म्हणजे चालतं, शिजवलं की विष जातं, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. अमानिटा या भूछत्राच्या काही जातींतलं अमाटॉक्सिन हे विष शिजवून नष्ट होत नाही. लक्षणं सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. उलट्या-जुलाब होतात, मग माणूस बरा झाल्यासारखा वाटतो आणि तेव्हाच यकृत निकामी होत असतं. म्हणून "आता बरं वाटतंय" ऐकून घरी थांबू नका. उरलेलं भूछत्र, शिजवलेली भाजीसुद्धा, बरोबर घेऊन रुग्णालय गाठा.

फोटो पाठवायचाच तर वरून एक, आरशानं खालून एक, बाजूनं एक, शेजारी एक रुपयाचं नाणं, आणि ज्यावर उगवलंय त्याचा वेगळा. झाड असेल तर त्याची पानंही. हे पाच फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर जाणकार निदान प्रजातीपर्यंत पोचू शकतात. ज्यांना यात पुढे शिकायचंय त्यांच्यासाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे. देशभरातल्या जिवंत बुरशींचा संग्रह आणि वाळवलेल्या नमुन्यांचं आजरेकर कवकालय तिथे आहे.

दिवाळीनंतर छत्र्या संपतात. तेव्हा शैवाकं बघा, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शैवाल उन्हात अन्न बनवतं, बुरशी ओलावा आणि आसरा देते. आंब्याच्या जुन्या खोडावर करडे-हिरवे चट्टे असतात ते हेच. त्यावर पाण्याचा फवारा मारा, क्षणात हिरवे होतील, कारण ओली साल पारदर्शक होऊन खालचं शैवाल दिसतं. खरवडून काढू नका, बहुतेक शैवाकं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. हातात घेऊन बघायचं असेल तर गोड्या मसाल्यासाठी आणलेलं दगडफूल आहेच. त्याची काळी बाजू वर करा आणि कडेपासून आत भिंग सरकवत न्या. केसांसारखे काळे बारीक धागे दिसतील, त्यांनीच ते खोडाला धरून होतं.